सोन्याला चिकटलेला क्रिप्टॉन: एका दूर-अवरक्त वर्णपटाचा हिशोब

सोन्याच्या तीन, चार आणि सात अणूंच्या उदासीन क्लस्टरचे, म्हणजे विद्युतभार नसलेल्या छोट्या पुंजक्यांचे, अवरक्त वर्णपट प्रयोगातून मिळाले आहेत आणि त्यांवरून प्रत्येक क्लस्टरची रचना ओळखायची आहे. नेहमीची रीत सरळ असते. शक्य त्या सगळ्या रचना संगणकावर मांडायच्या, प्रत्येकीची हार्मोनिक कंपने (बंध आदर्श स्प्रिंगा मानून) काढायची आणि जिच्या रेषा मोजलेल्या पट्ट्यांशी जुळतील ती रचना खरी धरायची. सात अणूंच्या क्लस्टरला ही रीत पुरते. तीन आणि चार अणूंशी आलो की मेळ बसत नाही: काही पट्टे सरकलेले दिसतात, काही फुगलेले, तर काही ठिकाणी हिशोबात नसलेला पट्टाच उभा राहतो. याचे मूळ प्रयोगाच्या पद्धतीत आहे. मोजणीच्या वेळी सोने एकटे नसते, त्याला क्रिप्टॉनचा अणू चिकटलेला असतो.

तो तिथे मुद्दाम आणलेला आहे. लेसरच्या माऱ्याने सोन्याच्या कांडीवरून वाफ उडवतात, ती हेलियमच्या झोतात थंड होते आणि क्लस्टर तयार होतात. झोतातली क्लस्टर इतकी विरळ असतात की प्रकाश किती शोषला गेला हे थेट मोजणे अशक्य. म्हणून हेलियममध्ये एक-दोन टक्के क्रिप्टॉन मिसळतात आणि नळी द्रव नायट्रोजनने १०० केल्विनच्या आसपास ठेवतात. काही क्लस्टरना एखाद-दुसरा क्रिप्टॉन चिकटतो. मग समोरून मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचा दूर-अवरक्त प्रकाश येतो. क्लस्टरच्या कंपनाशी त्याची वारंवारता जुळली की ऊर्जा शोषली जाते, क्लस्टर तापते आणि क्रिप्टॉन सुटतो. त्यानंतर ७.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फ्लोरिन लेसरने आयन करून वस्तुमान मोजले की क्रिप्टॉनवाल्या क्लस्टरचे शिखर किती खचले ते कळते. त्या खचण्याचा आलेख हाच वर्णपट. नेदरलँड्समधल्या फेलिक्स लेसरवर या पद्धतीने मोजलेल्या ७, १९ आणि २० अणूंच्या उदासीन सुवर्ण क्लस्टरच्या रचना २००८ साली प्रसिद्ध झाल्या. तीन, चार आणि सात अणूंच्या क्रिप्टॉन-जोडांवर बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतून २०१३ साली आलेला प्रयोग व सिद्धान्ताचा जोडअभ्यास हा या प्रकरणाचा कणा आहे.

क्रिप्टॉनच का? आर्गॉनची ध्रुवणक्षमता, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन-ढग किती सहज ओढला जातो याचे माप, १.६४ घन आँगस्ट्रॉम, क्रिप्टॉनची २.४८, झेनॉनची ४.०४. आर्गॉन उदासीन सोन्यावर १०० केल्विनला धड टिकत नाही. झेनॉन टिकतो, पण इतका घट्ट बसतो की क्लस्टरची कंपनेच बदलून टाकतो, शिवाय त्याच्या समस्थानिकांची रांग मोठी आहे. क्रिप्टॉन मधला. त्याच्या समस्थानिकांत ८४ चा वाटा सुमारे ५७ टक्के, ८६ चा १७ टक्के, उरलेले बहुतेक ८२ आणि ८३. सोन्याचा मात्र १९७ हा एकच समस्थानिक असल्याने वस्तुमानाच्या आलेखात शिखरे ओळखताना फारसा त्रास होत नाही.

द्विकाचे गणित

क्रिप्टॉनची ढवळाढवळ समजायला दोन अणूंचे क्लस्टर सर्वांत चांगले, कारण तिथे गणित कागदावर मावते. सोन्याच्या मोकळ्या द्विकाचे कंपन १९१ प्रति सेमीला (हे वर्णपटातले वारंवारतेचे एकक) आहे आणि बंधाची लांबी २.४७ आँगस्ट्रॉम. दोन्ही टोके सारखी असल्यामुळे ताणले तरी द्विध्रुव शून्यच राहतो, म्हणजे अवरक्त प्रकाशाला हे क्लस्टर दिसतच नाही. एका टोकाला, सरळ रेषेत, क्रिप्टॉन बसवला की सममिती मोडते आणि तेच कंपन अवरक्तात सक्रिय होते. ज्याला आपण केवळ निरोप्या म्हणून आणले त्याच्यामुळेच रेषा दिसू लागते.

आता रेषा किती सरकते ते पाहू. सोने-सोने बंधाचा बलस्थिरांक, म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा, १९१ प्रति सेमीवरून २१२ न्यूटन प्रति मीटर निघतो. सोने-क्रिप्टॉनसाठी नमुन्यादाखल १५ घेऊ. दोन स्प्रिंगा आणि तीन वस्तुमानांची साखळी सोडवली तर वरचे कंपन १९३ ला जाते आणि क्रिप्टॉनचे ६० ला येते. क्रिप्टॉन फक्त एकाच सोन्याच्या अणूला बांधलेला आहे असे धरले असते तर हेच कंपन ६६ ला आले असते. म्हणजे नुसत्या यांत्रिक जोडणीने वरची रेषा सुमारे २ प्रति सेमी वर सरकते.

पण बंध नुसता यांत्रिक नसतो. द्विकाची रिकामी सिग्मा-प्रतिबंधक कक्षा टोकांना बाहेर फुगलेली असते आणि क्रिप्टॉनच्या ४पी कक्षेतली घनता थोडी तिच्यात शिरते. त्याने सोने-सोने बंध किंचित सैल होतो. बलस्थिरांक १ टक्का घटला की रेषा जवळपास १ प्रति सेमी खाली येते. म्हणजे २ टक्के सैलपणा यांत्रिक वाढ पुरती खाऊन टाकतो. गणितात रेषा जागची हलली नाही म्हणून क्रिप्टॉनचा परिणाम नाही असा निष्कर्ष काढणे इथे फसवे ठरते. दोन परिणाम एकमेकांना खोडत असू शकतात.

ते वेगळे करायची एक फुकटची युक्ती आहे आणि ती प्रत्येक हिशोबात वापरावी. बलस्थिरांकांची सारणी एकदा निघाली की तीच ठेवून क्रिप्टॉनचे वस्तुमान बदलायचे. नवे इलेक्ट्रॉनिक गणित लागत नाही, सारणीचे कर्णीकरण, म्हणजे तिच्यातून वारंवारता काढणे, काही मिलिसेकंदांत होते. वरच्या साखळीत ८४ च्या जागी ८६ घातले तर ६० ची रेषा ५९.५ ला येते आणि १९३ ची जागची हलत नाही. वस्तुमान अनंत केले तर ६० ची घसरून २५ ला जाते, वरची मात्र १९२.८ ला राहते. वरची रेषा जी सरकली ती क्रिप्टॉनच्या स्प्रिंगमुळे, त्याच्या वजनामुळे नव्हे, हे यातून स्वच्छ कळते.

त्रिकात गाठ कुठे पडते

तीन अणूंच्या मोकळ्या क्लस्टरची कंपने १९९१ साली बिशिया आणि मोर्स यांनी अनुनादी दोन-फोटॉन आयनीकरणाने मोजली: सममित ताण १७९.७ आणि दुहेरी वाकण ६१.८ प्रति सेमी. क्रिप्टॉनची रेषा साखळीच्या गणितात ६० ला आली होती. त्रिकाचे खालचे कंपन आणि क्रिप्टॉनचा ताण एकाच पट्ट्यात आले की दोघांची सरमिसळ होणारच. मग 'हे सोन्याचे' आणि 'हे क्रिप्टॉनचे' अशी वाटणी उरत नाही आणि मोकळ्या त्रिकाच्या गणितातून त्या पट्ट्याला नाव देता येत नाही.

त्रिकाची स्वतःची अडचणही आहे. त्यात इलेक्ट्रॉनांची संख्या विषम आहे आणि समभुज त्रिकोणात त्याची मूळ अवस्था द्विगुणित येते, म्हणजे सारख्याच ऊर्जेच्या दोन अवस्था मिळतात, म्हणून यान-टेलर परिणामाने (ही बरोबरी मोडण्यासाठी आकार बदलून) त्रिकोण मुरडतो. स्पिन-कक्षा जोडणी (इलेक्ट्रॉनच्या स्पिनची त्याच्या कक्षीय गतीशी असलेली गाठ) घातली की ही मुरड बरीच दबते. ती न घालता काढलेल्या त्रिकाच्या खालच्या वारंवारतांवर विसंबू नये. सोन्यासाठी सापेक्षतावाद तर हवाच: १९ इलेक्ट्रॉनी गाभा-विभव (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी एक विभव ठेवून फक्त बाहेरचे १९ मोजणारे) किंवा झोरासारखी सापेक्षतावादी सन्निकटनाची पद्धत. त्याविना ६एस कक्षा आकुंचन पावत नाही आणि बंधच चुकीचा येतो.

हिशोब कसा लावायचा

पहिला निर्णय फंक्शनलचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या सूत्राचा. स्थानिक घनतेचे साधे फंक्शनल क्रिप्टॉनला घट्ट धरते, पण चुकीच्या कारणासाठी, त्यामुळे त्यावर जाऊ नये. पीबीईसारखे ढाळ फंक्शनल, म्हणजे घनतेचा चढउतारही पाहणारे सूत्र, लहान क्लस्टरवर थोडा बंध दाखवते, कारण घनतेची देवाणघेवाण त्याला कळते. दूरचे व्हॅन डर वाल्स आकर्षण मात्र त्यात नसते, म्हणून ती दुरुस्ती वेगळी घालावी लागते. दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना दोन्ही बंधऊर्जा काढून शेजारी ठेवाव्यात. दुरुस्तीविनाही बंध बऱ्यापैकी उरला तर रासायनिक वाटा आहे. सगळाच गळून पडला तर निव्वळ व्हॅन डर वाल्स. बर्लिनच्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष याच भेदावर उभा आहे: दोन, तीन आणि चार अणूंवर क्रिप्टॉन कमजोर रासायनिक बंधाने एका ठरावीक जागी बसतो, तर सात अणूंवर व्हॅन डर वाल्स वरचढ ठरून क्रिप्टॉन क्लस्टरभोवती फिरत राहतो.

पीबीईचा एक दोष आधीच माहीत असू द्यावा. द्विकाची लांबी ते २.५ आँगस्ट्रॉमच्या वर नेते आणि कंपन १९१ ऐवजी १७५ च्या आसपास आणते. ही चूक क्रिप्टॉनने होणाऱ्या सरकण्याच्या कितीतरी पट आहे. म्हणून क्रिप्टॉनचा परिणाम नेहमी फरकातून काढावा: तेच फंक्शनल, संकलनाची तीच जाळी (अवकाशातल्या ज्या बिंदूंवर बेरीज होते ते), एकदा क्रिप्टॉनसह आणि एकदा क्रिप्टॉनविना. सोन्याच्या रेषा प्रयोगाशी जुळवायला गुणक वापरला तर तो क्रिप्टॉनच्या रेषांना लावू नये. तिथली चूक वेगळ्या कारणाची आहे आणि उलट दिशेचीही असू शकते.

दुसरी बाब बेसिस सेटची, म्हणजे ज्या फलनांच्या बेरजेने कक्षा लिहितात त्यांच्या संचाची. बंधऊर्जा एका दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातली असते. बेसिस छोटा असला की क्लस्टर क्रिप्टॉनची आणि क्रिप्टॉन क्लस्टरची फलने उसनी घेतात आणि त्या उसनवारीने दिसणारी खोटी बंधऊर्जा खऱ्या ऊर्जेइतकीच होऊ शकते. निदान ट्रिपल-झीटा (प्रत्येक बाह्य कक्षेला तीन फलने) आणि विखुरलेली फलने घ्यावीत आणि काउंटरपॉइझ दुरुस्ती (दोन्ही भागांना सगळी फलने देऊन पुन्हा काढलेली ऊर्जा) करून फरक पाहावा. समतल लाटांच्या बेसिसमध्ये ही उसनवारी नसते, पण तिथे पेटी मोठी हवी: क्लस्टरभोवती चहूकडून निदान १० आँगस्ट्रॉम मोकळी जागा.

सर्वांत जास्त वेळ खातात ती मऊ कंपने. क्रिप्टॉनचे आजूबाजूला घसरणे ५ ते ३० प्रति सेमीच्या पट्ट्यात येते. इतक्या मऊ कंपनात जाळीचा गोंगाट ताबडतोब दिसतो आणि वारंवारता काल्पनिक (ऋण संख्येचे वर्गमूळ) येते. अशा वेळी रचना बदलण्याआधी जाळी तपासावी. संकलनाची जाळी एक पायरी बारीक करावी, स्वसंगत आवर्तनांची मर्यादा १०⁻⁸ हार्ट्री किंवा त्याखाली न्यावी, बल १०⁻⁵ हार्ट्री प्रति बोरच्या आत आणावे. बलांवरून सारणी काढताना अणू ०.००५ ते ०.०१ आँगस्ट्रॉम, दोन्ही बाजूंनी सरकवावेत. त्याहून कमी सरकवले तर गोंगाट, जास्त सरकवले तर वक्रता मिसळते. शेवटी सहा शून्य कंपने, म्हणजे क्लस्टरचे सरकणे आणि फिरणे, प्रक्षेपाने काढून टाकावीत. ती न काढता ४-५ प्रति सेमीवर उरली तर क्रिप्टॉनच्या घसरण्यात मिसळतात आणि मग कुठलाच आकडा खरा राहत नाही.

एवढे करूनही हार्मोनिक चित्र अपुरे पडते ते तापमानामुळे. १०० केल्विनला औष्णिक ऊर्जा ८.६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास ७० प्रति सेमी. क्रिप्टॉनची सगळी कंपने याखाली आहेत. तो खड्ड्याच्या तळाशी बसलेला नसतो, कडांपर्यंत हेलकावे खातो. म्हणूनच बर्लिनच्या अभ्यासात कंपने अॅब इनिशिओ रेण्विक गतिकीतून (दर पायरीला इलेक्ट्रॉनिक गणितातून बल काढून अणू पुढे हलवणाऱ्या पद्धतीतून) काढली: तापमान राखून प्रणाली स्थिरावू द्यायची, मग तापमान-नियंत्रक बंद करून मार्ग चालवायचा आणि द्विध्रुवाच्या कालसहसंबंधाचे फूरिए रूपांतर करायचे. नियंत्रक चालू ठेवून वर्णपट काढला तर त्याचे स्वतःचे ठोके वर्णपटात उमटतात. १९१ प्रति सेमीचा आवर्तकाल १७५ फेम्टोसेकंद आहे, त्यामुळे ५ फेम्टोसेकंदांची पायरी चालते. विभेदन मात्र मार्गाच्या लांबीवर ठरते. १० पिकोसेकंदांच्या मार्गातून ३.३ प्रति सेमीपेक्षा बारीक काही वाचता येत नाही. १ प्रति सेमी हवे तर ३३ पिकोसेकंद लागतात. ५ फेम्टोसेकंदांच्या पायरीने एका मार्गासाठी ६,६०० वेळा इलेक्ट्रॉनिक गणित, आणि असे दहा-वीस मार्ग. धातूंच्या क्लस्टरवर अशी गतिकी चालवण्याची परंपरा पुण्यातही आहे. गॅलियमची छोटी क्लस्टर अख्ख्या गॅलियमपेक्षा वरच्या तापमानाला का वितळतात यावरचे, दिलीप कान्हेरे आणि सहकाऱ्यांचे २००४ चे काम याच जातीचे.

या गतिकीत अणुकेंद्रे अभिजात धरलेली असतात हे विसरू नये. ६० प्रति सेमीच्या कंपनाला ते चालते, क्वांटम ऊर्जा अभिजातपेक्षा फक्त ६ टक्के जास्त आहे. १९१ च्या कंपनाला हा फरक ५६ टक्के होतो, म्हणजे ताठ कंपनाचा हेलकावा गतिकी कमी दाखवते. उलट बाजूने, मोकळ्या सोन्याच्या कंपनांची अनहार्मोनिकता, म्हणजे आदर्श स्प्रिंगपासूनचे विचलन, फार छोटी असते: दोन ते दहा अणूंच्या क्लस्टरसाठी स्वसंगत कंपन-क्षेत्र पद्धतीने ती साधारण १ प्रति सेमी आणि काही मोजक्या कंपनांत २ च्या थोडी वर निघते. त्याच गणितांत राजवायूच्या (क्रिप्टॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या) सान्निध्याचा परिणाम बऱ्याचदा याहून मोठा आला. म्हणून वेळ आणि यंत्र मर्यादित असेल तर आधी फंक्शनल तपासावे, मग क्रिप्टॉन घालावा, मोकळ्या सोन्याची अनहार्मोनिकता सर्वांत शेवटी.

मोजलेल्या पट्ट्याशी गाठ घालताना

गणितातून एका फोटॉनचे शोषण निघते, प्रयोगात मात्र क्रिप्टॉन सुटावा लागतो. ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बंध आणि १८० प्रति सेमीचा फोटॉन, म्हणजे २२ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. निव्वळ भागाकाराने पाच फोटॉन. ६० प्रति सेमीला तेच चौदा होतात. म्हणून खालचे पट्टे प्रयोगात गणितापेक्षा फिके दिसतात, आणि उंचीवरून रचना ठरवण्याच्या फंदात पडू नये, जागेवरून ठरवावी. क्लस्टर मोठे असेल तर आधीची उष्णताही हातभार लावते: सात सोने आणि एक क्रिप्टॉन यांची १८ कंपने १०० केल्विनला अभिजात हिशोबाने १५५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट धरतात, बंधऊर्जेहूनही जास्त. ती विखुरलेली असते म्हणून क्रिप्टॉन टिकतो. त्रिकाकडे सहा कंपनांत ५२ च असतात.

आणखी एक गफलत दोन क्रिप्टॉनवाल्या क्लस्टरमुळे होते. त्यांनी एक क्रिप्टॉन गमावला की ती एक क्रिप्टॉनवाल्यांच्या शिखरात येऊन पडतात आणि तिथली घट भरून काढतात. पट्टा चपटा होतो, कधी मधोमध खचून दोन शिखरांसारखा दिसतो. तो दुभंग रचनेचा समजून समभुज रचना बाद केली की पुढचे सगळे चुकते. यासाठी सर्वांत जास्त क्रिप्टॉन असलेल्या शिखराचा आलेख आधी पाहावा, कारण त्यात वरून भर पडत नाही. घटीचा लघुगणक घेऊन त्याला त्या वारंवारतेच्या लेसर-शक्तीने भागायलाही विसरू नये.

क्रिप्टॉनच्या जागांची सरासरी कशी घ्यायची हे क्लस्टरवर अवलंबून आहे. ठरावीक जागेवरच्या बंधात दोन जागांत २० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक असला तर १०० केल्विनला वरच्या जागेवर खालच्याच्या दहावा हिस्सा लोकसंख्या असते, तिची रेषा सोडून दिली तरी चालते. फरक ५ असेल तर दोन्ही वर्णपट मिसळून काढावे लागतात. सप्तकावर क्रिप्टॉन फिरताच असल्याने जागांची यादी करण्यात अर्थ उरत नाही. तिथे मोकळ्या क्लस्टरचा वर्णपटही क्रिप्टॉनसहच्या वर्णपटाच्या जवळ येतो. कडेवर एक जादा अणू बसवलेला सपाट त्रिकोण ही सप्तकाची रचना त्यावरूनच पक्की झाली. विसाच्या क्लस्टरमध्ये तर १४८ प्रति सेमीचा एकच ठळक पट्टा चतुष्फलक सांगतो आणि एक कोपरा काढून एकोणीस केले की तो पट्टा दुभंगतो. हा दुभंग खरा रचनेचा आहे.

चतुष्काचे प्रकरण नाजूक. तिथे समभुज चौकोन आणि वाय-आकार यांच्या ऊर्जा जवळजवळ आहेत आणि त्यांतला फरक क्रिप्टॉनच्या बंधऊर्जेच्या पट्टीतला असू शकतो. मोकळ्या चतुष्काची क्रमवारी लावून थांबू नये, दोन्ही रचनांवर क्रिप्टॉनच्या सगळ्या जागा तपासून क्रिप्टॉनसहची क्रमवारी लावावी. सोबत हेही तपासावे की दोन्ही रचना क्रिप्टॉन सारख्याच घट्ट धरतात का. ज्या रचनेवर क्रिप्टॉन १०० केल्विनला टिकत नाही ती या वर्णपटात येणारच नाही, झोतात ती कितीही असली तरी. हे पडताळायला क्रिप्टॉन नसलेल्या चतुष्काचे शिखर पाहावे. क्रिप्टॉनचे प्रमाण वाढवत नेले तरी ते एका पातळीखाली उतरत नसेल, तर क्रिप्टॉन न धरणारी रचना झोतात असण्याची शक्यता हिशोबात ठेवावी लागते.